तेराव्या फेरीचा प्रश्न

20 जानेवारी 1970 च्या रात्री अमेरिका आणि कॅनडातल्या दीड हजारांच्या आसपास चित्रपटगृहांत लोकांनी तिकीट काढून एक लढत पाहिली. ती लढत प्रत्यक्षात कधी झालीच नव्हती. एका बाजूला होता रॉकी मार्सियानो, 49 लढती आणि 49 विजय नावावर असलेला, 1956 मध्ये अजिंक्य म्हणून निवृत्त झालेला. समोर महंमद अली. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिल्याने 1967 मध्ये त्याचा किताब काढून घेतला गेला होता, पण रिंगमध्ये त्याला तोवर कोणीही हरवलेले नव्हते. पडद्यावर मार्सियानोने अलीला तेराव्या फेरीत नॉकआउट केले. निकाल ठरवला होता एका संगणकाने.

या उद्योगाची सुरुवात रेडिओवर झाली होती. मायामीतला निर्माता मरे वोरोनर याने 1967 मध्ये वेगवेगळ्या काळांतल्या सोळा हेवीवेट जगज्जेत्यांची स्पर्धा 'एनसीआर 315' या संगणकावर खेळवली. प्रत्येकाचा वेग, ठोशाचा जोर, मार सोसण्याची ताकद, ठोसा चुकवण्याचे कसब अशा गोष्टींना आकडे लावले गेले, ते यंत्रात भरले गेले, आणि यंत्राने काढलेल्या निकालांवरून खऱ्या लढतीसारखे धावते वर्णन प्रसारित झाले. त्या स्पर्धेत अली उपांत्यपूर्व फेरीतच जिम जेफ्रीजकडून हरला. जेफ्रीज हा विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा जगज्जेता. अलीला हे इतके लागले की त्याने बदनामीबद्दल दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. शेवटी तडजोड झाली. दहा हजार डॉलर आणि नफ्यातला वाटा घेऊन अलीने रेडिओ स्पर्धेच्या विजेत्याशी, म्हणजे मार्सियानोशी, कॅमेऱ्यासमोर 'लढायचे' कबूल केले.

1969 च्या उन्हाळ्यात चित्रीकरण झाले. मार्सियानो तेव्हा 45 वर्षांचा होता. त्याने वीस किलोहून अधिक वजन उतरवले आणि डोक्यावर केसांचा टोप चढवला. अली 27 वर्षांचा. दोघांनी एकेका मिनिटाच्या सत्तरेक फेऱ्या खेळल्या आणि शेवट एकाहून अधिक प्रकारांनी चित्रित झाला. कोणता शेवट वापरला जाणार हे दोघांनाही ठाऊक नव्हते. मार्सियानोला ते कधीच कळले नाही. 31 ऑगस्ट 1969 रोजी, सेहेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आयोवा राज्यात झालेल्या विमान अपघातात तो गेला.

वेगवेगळ्या काळांतले विजेते समोरासमोर आले तर काय, हा प्रश्न बॉक्सिंगच्या चाहत्यांना जितका छळतो तितका फार थोड्या खेळांत छळत असेल. धावपटूंसाठी घड्याळ आहे, उंच उडीसाठी मोजपट्टी आहे. ठोशाला तसे मोजमाप नाही, आणि किताब तर एकाच माणसाचा असतो. हा प्रश्न पोरकट आहे असे मला वाटत नाही. पण तो बहुतेक वेळा अर्धाच विचारला जातो. 'अली की मार्सियानो?' एवढ्याने भागत नाही. किती फेऱ्यांची लढत? कोणत्या वर्षातला अली? कोणत्या मापाचे ग्लोव्ह्ज? खाली पडलेल्याच्या डोक्याशी उभे राहायची मुभा आहे की नाही? हे ठरल्याशिवाय निकाल देणे म्हणजे निव्वळ आवडनिवड सांगणे.

त्या संगणकाने निवडलेली तेरावी फेरीच घ्या. आज हेवीवेट जगज्जेतेपदाच्या लढतीत तेरावी फेरी नसतेच. नोव्हेंबर 1982 मध्ये लास व्हेगासला रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोसळलेला दक्षिण कोरियाचा किम दुक कू काही दिवसांनी मरण पावला. त्यानंतर जागतिक बॉक्सिंग परिषदेने किताबाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या आणि पुढच्या काही वर्षांत इतर संघटनांनीही तेच केले. हा बदल माणुसकीचा होता, आणि तो व्हायलाच हवा होता. पण त्यामुळे आधीच्या इतिहासाकडे बघण्याची नजर पार बदलते.

मार्सियानो जगज्जेता झाला 23 सप्टेंबर 1952 रोजी, फिलाडेल्फियात. समोर होता अडतीस वर्षांचा जर्सी जो वॉलकॉट. पहिल्याच फेरीत वॉलकॉटच्या डाव्या हुकने मार्सियानो आयुष्यात पहिल्यांदा खाली बसला. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर वॉलकॉट पुढे होता. तेराव्या फेरीत दोघांनी एकाच वेळी उजवा हात सोडला, मार्सियानोचा आधी पोहोचला आणि लढत तिथेच संपली. आजच्या नियमांनी त्या रात्री घंटा बाराव्या फेरीनंतर वाजली असती, किताब वॉलकॉटकडेच राहिला असता आणि 49 विजयांची ती निष्कलंक माळ 42 वर तुटली असती.

जो लुईसचेही तेच. 18 जून 1941, न्यूयॉर्कचे पोलो ग्राउंड्स. बिली कॉन हा खरे तर लाइट हेवीवेट गटातला. चपळ, हजरजबाबी आणि वजनाने लुईसपेक्षा कितीतरी हलका. बारा फेऱ्यांनंतर दोन अधिकाऱ्यांच्या हिशेबात कॉन पुढे होता, तिसऱ्याच्या हिशेबात बरोबरी होती. नुसते लांब राहून उरलेल्या तीन फेऱ्या काढल्या असत्या तरी कॉन जगज्जेता झाला असता. त्याला नॉकआउटने जिंकायची हौस आली, तो जवळ गेला, आणि तेराव्या फेरीचे दोन सेकंद उरलेले असताना लुईसने त्याला आडवे केले. बारा फेऱ्यांच्या जगात लुईस त्या रात्री हरतो आणि सलग 25 वेळा किताब राखण्याचा त्याचा विक्रम जन्मालाच येत नाही.

मागे गेलो तर चित्र उलट दिशेने ताणले जाते. 1910 मध्ये रेनो इथे जॅक जॉन्सन आणि जेफ्रीज यांच्यात झालेली लढत 45 फेऱ्यांची ठरली होती. ती पंधराव्या फेरीत संपली. 1915 मध्ये हवानाच्या उन्हात जेस विलर्डने जॉन्सनला हरवले ते सव्विसाव्या फेरीत. निकाली कुस्ती आणि गुणांवरची कुस्ती यांत जो फरक, तोच इथे आहे. पहिलीत दमसास राखून समोरच्याला दमवायचे असते, दुसरीत प्रत्येक मिनिटाचा हिशेब ठेवावा लागतो. जॉन्सनच्या लढतींच्या चित्रफिती आज पाहिल्या तर तो फार धरतो, फार थांबतो, हात कमी चालवतो असे वाटते. पंचेचाळीस फेऱ्यांची तयारी करून उतरलेला शहाणा माणूस असाच लढणार. त्याला आळशी म्हणणारे आजच्या घड्याळाने त्याला मोजतात. त्याला बारा फेऱ्या सांगितल्या असत्या तर तो वेगळा लढला असता. किती वेगळा, हे चित्रफितीत दिसत नाही.

आता आकाराकडे येऊ. चर्चा नेहमी इथेच अडते. मार्सियानोची उंची पाच फूट दहा इंचांच्या आसपास आणि वजन साधारण 84 किलो. टायसन फ्युरी सहा फूट नऊ इंच, आणि ऑलेक्झांडर उसिकशी मे 2024 मध्ये झालेल्या लढतीत 119 किलो. पस्तीस किलोंचा फरक. बॉक्सिंगमधले खालचे गट तीन-चार पौंडांच्या अंतरावर आखले जातात, कारण तेवढ्यानेही फरक पडतो हे सगळ्यांना माहीत आहे. 1979 मध्ये हेवीवेटच्या खाली क्रूझरवेट हा नवा गट निघाला. त्याची मर्यादा सुरुवातीला 190 पौंड होती, म्हणजे सुमारे 86 किलो, आणि पुढे ती 200 पौंड झाली. मार्सियानो आणि जॅक डेम्प्सी आज जन्मले असते तर बहुधा याच गटात लढले असते. त्यांना हेवीवेट म्हणायचे ते त्यांच्या काळात मधला गट नव्हता म्हणून.

मग मोठा माणूस नेहमी जिंकतो का? 4 जुलै 1919 रोजी टोलेडो शहरात 85 किलोंचा डेम्प्सी 111 किलोंच्या विलर्डसमोर उभा राहिला आणि पहिल्याच फेरीत त्याने विलर्डला सात वेळा खाली पाडले. हे उदाहरण लोक हमखास देतात. पण त्या वेळचा नियम विसरू नये. पाडणाऱ्याने दूरच्या कोपऱ्यात जाऊन थांबायची सक्ती तेव्हा नव्हती. विलर्ड गुडघ्यावरून उठू लागला की डेम्प्सी शेजारीच उभा असे आणि पुढचा ठोसा तयार. 1927 पर्यंत नियम बदलला होता. शिकागोत जीन टनी खाली पडल्यावर डेम्प्सी जुन्या सवयीने तिथेच रेंगाळला, म्हणून पंचाने मोजणी उशिरा सुरू केली. टनीला उठायला तेराचौदा सेकंद मिळाले आणि तो जिंकला. एकाच माणसाची एकच सवय. एका नियमाखाली तिने त्याला किताब दिला, दुसऱ्या नियमाखाली परत मिळू दिला नाही.

आकाराबद्दल जास्त भरवशाचा पुरावा अलीकडचा आहे. 2009 मध्ये डेव्हिड हेने सात फुटांच्या, 143 किलोंच्या निकोलाय व्हाल्युएवला न्यूरेंबर्गमध्ये गुणांवर हरवले. हेचे वजन सुमारे 98 किलो, आणि तो क्रूझरवेटमधून वर आलेला. उसिकही क्रूझरवेटचा निर्विवाद विजेता. 101-102 किलो वजन घेऊन त्याने रियाधमध्ये फ्युरीला एकाच वर्षात दोनदा हरवले आणि लेनॉक्स लुईसनंतर पहिल्यांदा हेवीवेटचा निर्विवाद जगज्जेता झाला. म्हणजे लहान माणूस जिंकू शकतो, पण कसा? उसिक आणि हे दोघेही सहा फूट तीन इंचांचे. उंची पुरेशी, पाय हलके, लांबून मारून निसटण्याची कला. ही मापे अलीचीही आहेत. मार्सियानो आणि अलीचा प्रतिस्पर्धी जो फ्रेझर यांची नाहीत. त्यांना समोरच्याच्या छातीशी जाऊन काम करावे लागायचे, आणि फ्युरीच्या 85 इंची पल्ल्यातून आत शिरताना अंगावर रेलणारे 119 किलो बारा फेऱ्या सोसावे लागले असते. म्हणून माझे मत असे की, वजनाचा फरक लांबून लढणाऱ्याला कमी नडतो, जवळून लढणाऱ्याला फार नडतो. 'जुने सगळे आजच्यांपुढे लहान' हे सरसकट विधान त्यामुळेच मला पटत नाही.

शैलीचा मुद्दा याहूनही खोल जातो. अ ने ब ला हरवले, ब ने क ला हरवले, म्हणून अ क ला हरवणार हे गणित बॉक्सिंगमध्ये चालत नाही, आणि याचा सर्वांत सुंदर पुरावा 1971 ते 1974 या चार वर्षांत आहे. 8 मार्च 1971 रोजी न्यूयॉर्कमध्ये जो फ्रेझरने अलीला हरवले आणि पंधराव्या फेरीत डाव्या हुकने खाली पाडले. जानेवारी 1973 मध्ये किंग्स्टनला जॉर्ज फोरमनने त्याच फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले. त्याच वर्षी मार्चमध्ये केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडून त्याला हरवले. मार्च 1974 मध्ये फोरमनने नॉर्टनलाही काराकासमध्ये दोन फेऱ्यांत संपवले. कागदावर निकाल स्पष्ट होता. अलीला ज्या दोघांनी हरवले त्या दोघांचा चुराडा फोरमनने केलेला. मग 30 ऑक्टोबर 1974 ला किन्शासामध्ये अलीने आठव्या फेरीत फोरमनला नॉकआउट केले.

हा चमत्कार नव्हता. फ्रेझर खाली वाकून, डोके हलवत सरळ आत यायचा. अली खालून वर येणारे ठोसे फारसे मारत नसे, त्यामुळे त्याच्यासमोर ही चाल फळली. फोरमनचा अपरकट मात्र नेमका त्या वाकलेल्या हनुवटीची वाट पाहत असायचा. अली फोरमनकडे चालून जात नव्हता. तो दोरांना टेकून हातांच्या आड मार झेलत राहिला, जवळ आल्यावर फोरमनची मान खाली दाबत राहिला आणि मधूनच सरळ उजवा ठोसा तोंडावर ठेवत राहिला. ज्याच्या लढती दोन फेऱ्यांत संपायच्या त्याला आठव्या फेरीची सवय नव्हती. चौघेही एकाच काळातले, एकाच नियमांखालचे, आणि तरी त्यांची सरळ उतरंड लावता येत नाही. मग शंभर वर्षांतल्या जगज्जेत्यांची एक ते दहा अशी यादी करणारे नेमके काय मोजत असतात?

काळांना जोडणारे काही खरे पूल मात्र आहेत, आणि मला या सगळ्या विषयात तेच सर्वांत मोलाचे वाटतात. ते बहुतेक वेळा म्हाताऱ्या झालेल्या जगज्जेत्यांच्या अंगावरून जातात. ऑक्टोबर 1951 मध्ये मार्सियानोने लुईसला आठव्या फेरीत हरवले. लुईस 37 वर्षांचा होता आणि कर थकल्यामुळे पैशासाठी परतलेला. ऑक्टोबर 1980 मध्ये लॅरी होम्सने 38 वर्षांच्या अलीला दहा फेऱ्या मारले, तेव्हा अलीच्या माणसांनीच लढत थांबवली. ती चित्रफीत मला आजही पूर्ण पाहवत नाही. जानेवारी 1988 मध्ये माइक टायसनने त्याच होम्सला चौथ्या फेरीत संपवले. होम्सही 38 चाच आणि जवळपास दोन वर्षे रिंगबाहेर. या तीन लढतींवरून मार्सियानो लुईसपेक्षा, होम्स अलीपेक्षा आणि टायसन होम्सपेक्षा थोर ठरवायचे का? वय वजा केल्याशिवाय त्यातला एकही निकाल वाचता येत नाही.

उलट दिशेचे पूल जास्त सांगून जातात. तरण्याने म्हाताऱ्याला हरवण्यात नवल नसते, नवल म्हाताऱ्याच्या विजयात असते. फेब्रुवारी 1992 मध्ये 42 वर्षांच्या होम्सने ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या आणि तोवर अजिंक्य असलेल्या रे मर्सरला गुणांवर शिकवणी दिली. नोव्हेंबर 1994 मध्ये 45 वर्षांच्या फोरमनने 26 वर्षांच्या अजिंक्य जगज्जेत्या मायकेल मूररला दहाव्या फेरीत एका उजव्या ठोशाने झोपवले. मधली दहा वर्षे फोरमन रिंगमध्ये उतरलाच नव्हता. त्या रात्री तो तिन्ही पंचांकडे मागे होता, पाय जड झाले होते, फक्त जोर शिल्लक होता. वीस वर्षांपूर्वीच्या पिढीतला एक उतरलेला माणूस नव्या पिढीच्या शिखरावरच्या माणसाला हरवू शकला, तर खेळ सतत पुढेच जातो ही समजूत निदान हेवीवेटपुरती तपासून घ्यावी लागते. सत्तरचे दशक खरोखरच असामान्य होते, यावर माझा विश्वास या लढतींमुळे बसला आहे.

यादीत कोण आहेत यापेक्षा कोण नाहीत हे कधी कधी जास्त महत्त्वाचे ठरते. जॉन्सन 26 डिसेंबर 1908 रोजी सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला. त्याआधी गोऱ्या जगज्जेत्यांनी कृष्णवर्णीयांना किताबासाठी आव्हान देऊच दिले नव्हते. सॅम लँगफर्डला, अनेक जाणकारांच्या मते त्याच्या काळातल्या सर्वांत भीतिदायक माणसाला, हेवीवेट किताबासाठी कधी संधीच मिळाली नाही, आणि जगज्जेता झाल्यावर खुद्द जॉन्सननेही त्याला ती दिली नाही. डेम्प्सी हॅरी विल्सशी कधी लढला नाही. पुढच्या काळात भिंत वेगळी होती. क्यूबाचा तेओफिलो स्टीव्हनसन 1972, 1976 आणि 1980 अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकला, पण त्याच्या देशात व्यावसायिक बॉक्सिंगला बंदी होती आणि त्याने देश सोडला नाही. सोव्हिएत संघातल्या मुलांनाही तो रस्ता बंद होता. तो खुला झाल्यावर किताब युक्रेनच्या क्लिचको भावांकडे आणि मग उसिककडे गेला, हा योगायोग नाही. अर्ध्या जगाला दाराबाहेर ठेवून मिळवलेल्या विक्रमांना मी थोडे कमी वजन देतो.

आणि निवडणाऱ्याचे वयही मोजावे लागते. 'द रिंग' मासिकाचा संस्थापक नॅट फ्लायशर हा या खेळाचा सर्वांत मोठा अभ्यासक. त्याच्या यादीत पहिला जॉन्सन, दुसरा जेफ्रीज, आणि पहिल्या दहांत अली नाहीच. फ्लायशर 1887 मध्ये जन्मला होता. तरुणपणी डोळ्यांत भरलेले वीर त्याने शेवटपर्यंत खाली उतरवले नाहीत.

एवढे सगळे मान्य करून मी माझे निकाल देतो, अटींसह. 1966 च्या नोव्हेंबरमध्ये ह्यूस्टनला क्लीव्हलँड विल्यम्सला तीन फेऱ्यांत हरवणारा अली आणि 1952 चा मार्सियानो यांच्यात, पंधरा फेऱ्यांत किंवा बारांत, मी अलीच्या बाजूने. हातांच्या पल्ल्यात दहा इंचांचा फरक आहे आणि मार्सियानोच्या भुवया लवकर फाटायच्या. पंचेचाळीस फेऱ्या आणि छोटे ग्लोव्ह्ज असतील तर मात्र मी पैज लावणार नाही.

1938 मध्ये मॅक्स श्मेलिंगला 124 सेकंदांत संपवणारा लुईस आणि मार्सियानो यांच्यात लुईस, पहिल्या पाच फेऱ्यांत. मार्सियानो सरळ चालत येतो आणि लुईसइतके आखूड, अचूक ठोसे कोणी मारले नाहीत. 1988 चा टायसन आणि 1973 चा फोरमन यांच्यात फोरमन, किंग्स्टनच्याच कारणाने, कारण टायसनही वाकून आत येणारा आहे. टायसन आणि अली यांच्यातली लढत पहिल्या चार फेऱ्यांत टायसनची, त्यानंतर अलीची. 1990 मध्ये टोकियोत बस्टर डग्लसने लांब जॅब आणि न घाबरणारे डोके एवढ्यावर टायसनला कसे उलगडले ते सगळ्यांनी पाहिले आहे. आणि उसिक विरुद्ध अली, दोघेही सहा फूट तीन, दोघेही पायांवर जगणारे, एक डावखुरा. या लढतीचा निकाल मला अजून लागलेला नाही. अलीच्या कारकिर्दीत या दर्जाचा डावखुरा त्याच्यासमोर कधी उभा राहिला नव्हता, आणि उसिकसमोर इतका वेगवान हेवीवेट अजून आलेला नाही.